पिवळ्या गाडीची दुसरी सीट

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी, सक्करदऱ्याच्या रस्त्यावर, एक अनोळखी माणूस भूमिकाच्या गाडीचं दार उघडून खुशाल आत येऊन बसला. नुसता बसला नाही. त्यानं सीटबेल्ट लावला, ओले हात रुमालाला पुसले, रुमालाची नीट घडी केली आणि समोर बघत म्हणाला, "चला मॅडम. एक चक्कर मारा."

भूमिका त्याच्याकडे बघतच राहिली. सावळा, तिशीच्या आतबाहेरचा, कपाळावर ओले केस चिकटलेले. आणि चेहऱ्यावर असा भाव, की ही गाडी, ही सीट आणि ही सकाळ, सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय.

"तुम्ही कोण?"

"मी जितू."

"कोण जितू?"

आता त्यानं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप सीटबेल्टच्या बटणाकडे गेला. "तुम्ही... टायर घ्याले नाही आल्या?"

"नाही."

"मंग दुकानासमोर गाडी लावून, इंजिन चालू ठेवून काहून बसून राहिल्या?"

"पाऊस थांबायची वाट बघतेय."

"पाऊस तं कवाचाच थांबला," तो हळूच म्हणाला.

खरंच थांबला होता. वायपर कोरड्या काचेवर करकर वाजत होते, समोर लख्ख ऊन पडलं होतं, आणि रस्त्यावरची माणसं छत्र्या मिटून चालायलाही लागली होती. भूमिकानं वायपर बंद केले. कान मात्र चांगलेच तापले.

खोटं कशाला सांगू, दुसरी एखादी असती तर तिनं ओरडून अख्खा सक्करदरा गोळा केला असता, आणि ते रास्तच झालं असतं. भूमिकाही काही कमी नव्हती. मिहानमध्ये विमानं दुरुस्त करतात तिथं ती इंजिनिअर होती, भल्याभल्यांना एका वाक्यात गप्प करायची. पण त्या घडीला तिला ओरडावंसं वाटलंच नाही. तिच्या मनात दुसरीच गोष्ट आली होती. या सीटवर फेब्रुवारीपासून कोणी बसलंच नव्हतं.

एके काळी ही सीट म्हणजे नंदनवनातल्या त्यांच्या गल्लीची सार्वजनिक मालमत्ता होती. गाडी पिवळी, बुटकी, दोन दारांची, दोनच सीटांची. वेगासाठी बनवलेली, आणि गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासणारी. भूमिकानं ती पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर पुढं उभं राहून तिनं कितीतरी पावसाळे तोंडावर झेलले होते. तेव्हाच तिनं ठरवून टाकलं होतं, की आपली गाडी येईल ती अशी येईल की सगळ्यांनी वळून बघावं. गाडी आली आणि गल्ली वळूनच काय, रांग लावून बसायला आली. शेजारच्या काकू, काकूंची भाची, साखरपुड्याला निघालेला एक नवरदेव, सगळे एकेक चक्कर मारून आले. आणि सगळ्यात जास्त वेळा बसली ती आई. कांताबाई. आत पाय घेताना दर वेळी कुरकुर करायची, आणि एकदा बसली की उतरायचं नाव घ्यायची नाही.

मग फेब्रुवारीतला तो अवकाळी पाऊस आला. मायलेकी एका लग्नाला भिवापूरकडे निघाल्या होत्या. उमरेडच्या पुढं एका वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं, गाडी गर्रकन फिरली, रस्ता सोडून खाली उतरली आणि मिरच्या वाळत घातलेल्या एका अंगणात, ताडपत्रीखालच्या ढिगाला टेकून थांबली. गाडीला ओरखडा नाही. दोघींना खरचटलंसुद्धा नाही. फक्त ढीगभर भिवापुरी मिरची उधळली, आणि मायलेकी कितीतरी वेळ नुसत्या शिंकत होत्या. अंगणवाल्यांनी पाणी दिलं, चहा दिला, गाडी ढकलून वर काढून दिली. पुढं लग्नात सगळे या गोष्टीवर पोट धरून हसले.

आई तेवढी हसली नाही. त्या दिवसापासून ती गाडीत बसलीच नाही, आणि तिची जागा म्हणून भूमिकानंही दुसऱ्या कोणाला बसवलं नाही. रागावली असती तर भांडता आलं असतं. ती काहीच बोलली नाही. बाहेर जायचं झालं की गाडीच्या बाजूनं चालत पुढं जायची आणि ऑटो थांबवायची. भूमिकाला तेच सगळ्यात जास्त लागायचं.

आणि खुद्द भूमिकाचं म्हणाल, तर रस्ता ओला दिसला की तिचे पाय कापायला लागायचे. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. अमरावतीचा एक माणूस गाडी विकत मागत होता, येत्या रविवारनंतरच्या रविवारी तो न्यायला येणार होता. भूमिकानं मनाशी पक्कं केलं होतं. गाडीला नवे, चांगले टायर घालायचे आणि आईला एकदाच विचारायचं. आई बसली तर गाडी राहील. नाही बसली तर गाडी अमरावतीला जाईल.

त्या शनिवारी ती धरमपेठेतल्या एका मोठ्या शोरूमकडे निघाली होती. वाटेत सर आली, तलावाजवळ मागचं चाक जरासं सरकलं, आणि तिनं घाबरून पहिली मोकळी जागा दिसली तिथं गाडी उभी केली. ती जागा नेमकी 'रुपराव टायर्स'च्या समोरची होती.

"मी उतरतो. माफ करा," जितू दार उघडत म्हणाला. "मले वाटलं गिऱ्हाईक आहे."

"थांबा." भूमिकाला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. "टायर घ्यायचेच आहेत मला. पण चक्कर कशाला?"

"आमच्या इथली पद्धत आहे ते. बाबा ट्रकच्या घासलेल्या टायराले नवं रबर चढवून रिमोल्ड करत होते, तवापासूनची. ज्याले टायर पाहिजे, त्याच्या बाजूले बसून एक चक्कर मारायची. गाडी कशी आहे ते कंपनी सांगते. चालवणारा कसा आहे, ते बसल्याशिवाय नाही समजत."

"आणि मी नाही बसू दिलं तर?"

"तं समोरच्या दुकानात बी चांगले टायर भेटतात," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

भूमिका हसली. हसता हसता तिनं गिअर टाकला, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण याला बसू दिलं.

तलावाभोवती, मग मोठ्या ताजबागेच्या बाजूनं वळसा घालून ती परत आली. सगळा वेळ जितूनं डोळे मिटून घेतले होते. एक हात दारावर, बोटं जराशी टेकलेली. मध्येच कुठं पाणी साचलेलं आलं की त्याच्या भुवया किंचित हलायच्या. भूमिका रस्ता बघत होती, आणि... आता लपवायचं कशाला, मधून मधून त्या भुवयाही बघत होती.

"गाडी सुरेख चालवता तुम्ही," दुकानासमोर आल्यावर तो म्हणाला. "पण रस्ता ओला दिसला की वळणाच्या आधीच श्वास रोखता. अन् वळणाच्या मधातच घाबरून पाय उचलता. मागचं चाक तिथंच सुटते."

भूमिकानं इंजिन बंद केलं. मग तिनं त्याला फेब्रुवारीची सगळी गोष्ट सांगितली. मिरच्यांसकट. तो हसला नाही. खाली उतरला, मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि अंगठ्याच्या नखानं रबर दाबून पाहिलं.

"नक्षी खोल आहे," तो म्हणाला, "पण रबर पार वाळून गेलं. उन्हात उभी राहते ना गाडी?"

"ते मला माहितीये. तयार झाल्याची तारीख वाचली मी टायरवर, नंतर. सगळं वाचून काढलं." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मला एवढंच सांगा. त्या दिवशी चूक टायरची होती, की माझी?"

जितू उठून उभा राहिला, हात झटकले.

"दोघांची," तो म्हणाला. "टायर ताजे असते तं त्यांनी तुमची चूक सांभाळून घेतली असती. अन् तुम्ही पाय उचलला नसता तं या टायरांनी बी कसंतरी निभावलं असतं."

आजवर तिच्या बाबांनी सांगितलं होतं, रस्ताच खराब आहे. ऑफिसात म्हणाले होते, टायरच दगा देतात. गल्लीतल्या काहींनी, बाईमाणसाला कशाला हवी एवढी वेगाची गाडी, असंही म्हणून घेतलं होतं. कोणी तिला सगळ्यातून मोकळं केलं, कोणी सगळं तिच्याच माथी मारलं. अर्धी चूक तुझी, असं कोणी म्हटलंच नव्हतं. अर्धी चूक असेल तर ती दुरुस्त करता येते. भूमिकाला एकदम हलकं वाटलं, आणि या ओल्या केसांच्या माणसाबद्दल इतकी कृतज्ञता दाटून आली की तिचे डोळे भरून आले.

"रडून राहिल्या का तुम्ही?" जितू घाबरला.

"नाही. टायर दाखवा."

दुकानात गल्ल्यावर रुपराव बसले होते. जितूचे वडील, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. त्यांनी न विचारताच चहा मागवला. भूमिकानं मोबाइल काढून जितूपुढं धरला. "मी हे निवडलेत. शर्यतीच्या मैदानावर वापरतात. सगळ्यात चिकट."

"चिकट आहेत. पण तापल्याशिवाय नाही चिकटत. पावसात तुम्ही कुठं तापवणार? मेडिकल चौकाच्या सिग्नलवर?"

"आणि मे महिन्यात?"

"मे महिन्यात नागपुरात टायर काय, माणूस बी डांबराले चिकटते. त्याच्यासाठी वेगळा खर्च काहून करता?"

भूमिका ओठ दाबून हसली. "आमच्याकडे विमानाच्या टायरला असली नक्षी नसतेच. नुसत्या सरळ खाचा. पाणी निघून जायला."

"तिरपं-वाकडं काहीच नाही?" जितूचे डोळे चमकले. "अन् उतरताना पहिल्यांदा टेकते तवा? चाक तं थांबलेलं असते ना?"

"म्हणून तर धूर निघतो."

मग तिनं पेन मागून घेतलं, जुन्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर चाक काढलं, धावपट्टी काढली. तो टेबलावर कोपरं टेकून ऐकत होता. मध्येच विचारत होता, चुकलं तर चुकलं म्हणत होता. चहा दोघांचाही निवून गेला. आपल्या कामाबद्दल इतक्या आवडीनं आपल्याला कोणी विचारल्याचं भूमिकाला आठवेना. पगार विचारणारे पुष्कळ होते.

शेवटी दोघांनी मिळून निवड केली. ओल्यात घट्ट धरणारा, वेगात थोडा कमी असला तरी चालेल असा टायर. मागचे पुढच्याहून रुंद, आणि तयार झाल्याची तारीख अगदी ताजी. पुण्याहून मागवावे लागणार होते.

त्या आठवड्यात मोबाइलवर जे काही चाललं, त्याला टायरची चौकशी म्हणायचं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. 'मागचे निघाले. पुढचे अजून अडून बसले,' जितूनं लिहिलं. 'का?' भूमिकानं विचारलं. 'रुसले. मागच्याले जास्त रुंद केलं म्हणून.' भूमिका एका विमानाच्या पोटाखाली उभी राहून एकटीच हसली. मग एक दिवस त्यानं नक्षीचा फोटो पाठवला. तिनं मोठा करून बघितला तर नक्षीमागे त्याची बोटं दिसत होती, आणि ती नक्षीपेक्षा बोटांकडेच जास्त वेळ बघत राहिली. मग टायर आले. आता लिहायला काही कारण उरलं नव्हतं. त्या रात्री त्याचा एकच शब्द आला, 'जेवल्या?'

शनिवारी टायर चढले. भूमिका बाजूला उभी राहून बघत होती, आणि तेवढ्यात दुकानासमोर ऑटो थांबला. त्यातून कांताबाई उतरली.

"कोण बसला होता वं माह्या सीटवर?" ती आल्या आल्या म्हणाली. "गल्लीतल्या सगळ्याले माहीत आहे, मलेच नाही."

जितूनं हात पुसून, भूमिकाच्या घरची रीत पाळत, जयभीम घातला. "मी, काकू."

कांताबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. पण तेवढ्यात तिचं लक्ष दुसरीकडे गेलं. रुपराव चार लिंबं घेऊन वाकले होते आणि नव्या चाकांखाली एकेक ठेवत होते.

"भाऊ, हे काय करून राहिले?"

"नव्या टायराले लिंबू लागते, बाई."

"आम्ही नाही मानत हे," कांताबाई म्हणाली, आणि एकेका चाकाखालचं लिंबू उचलून तिनं पदरात घेतलं. "अन् एवढी रसाची लिंबं चाकाखाली चिरडता? साखर आहे का दुकानात?"

रुपराव चष्म्यावरून बघत राहिले. त्यांच्या दुकानात असं कोणी केलं नव्हतं. भूमिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जितूनं श्वास रोखला. मग रुपरावांनी गल्ल्यामागच्या फळीवरून साखरेचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. पाचच मिनिटांत सगळे स्टीलच्या पेल्यांतून सरबत पीत होते, आणि दुसरा पेला रुपरावांनीच आधी मागितला.

सरबत संपल्यावर कांताबाईनं पेला खाली ठेवला. "आता असं कर गा," ती जितूला म्हणाली, "तू चालव. मी बाजूले बसून पाहतो टायर कसे आहेत. भूमिका थांबन इथं."

आई गाडीत बसायला तयार होती. फक्त भूमिकाच्या बाजूला नाही. भूमिकानं मान खाली घातली. गाडीची किल्ली तिच्या हातात होती, ती तिनं मुकाट्यानं जितूपुढं केली.

जितूनं किल्ली घेतली नाही. "मी नाही चालवत, काकू."

"काहून?"

"हे टायर यांच्या हातासाठी निवडले. माह्या हाताचे असते तं वेगळे घेतले असते."

कांताबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "मंग मी ऑटोनं जातो," आणि खरोखरच निघून गेली.

उद्या रविवार. उद्या अमरावतीचा माणूस येणार. भूमिका गाडीला टेकून उभी होती, डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून समोरच्या पाटीवरची अक्षरं पुनःपुन्हा वाचत.

"नवे टायर वरून गुळगुळीत असतात," जितू तिच्याजवळ येऊन म्हणाला. "सुरुवातीले हळूहळू चालवून घासावे लागतात, मंग धरतात. भिवापूरपर्यंत जाऊन येऊ. मी बसतो."

"त्याच रस्त्यानं?"

"त्याच."

"पाऊस येईल."

"येऊ द्या ना. त्याच्यासाठीच तं घेतले."

दिघोरी नाका मागे पडला तसं आभाळ भरून आलं, आणि पाचगाव यायच्या आत पावसानं गाठलं. भूमिकाची बोटं स्टिअरिंगवर घट्ट झाली. जितू आधी बडबडत होता. भिवापुरी मिरचीचा ठेचा कसा करावा, बाबांना पहिला ट्रकवाला कसा भेटला, काय नि काय. मग बडबड कमी झाली. मग तो बोलेनाच. भूमिकानं बघितलं तर गडी झोपला होता. मान खिडकीकडे कललेली, तोंड जरासं उघडं, मांडीवर हात मोकळे.

तिला आधी राग आला. ही काय झोपायची वेळ? मग गाडी एका खड्ड्यातून गेली, त्याचं डोकं काचेवर टेकलं, आणि तिला वाईट वाटलं. पुढचा खड्डा तिनं हळू काढला. त्याच्यापुढचं वळण तिनं असं घेतलं, की त्याची मान हलू नये. ब्रेक वळणाच्या आधीच, अलगद. वळणात पाय स्थिर. उमरेडचे कोळशाचे ट्रक चिखल उडवत गेले, पाऊस काचेवर आपटत राहिला, आणि भूमिकाचं सगळं लक्ष त्या झोपलेल्या मानेकडे. किती छान श्वास घेतोय, तिच्या मनात आलं. तिचाही श्वास त्याच्याबरोबर चालला होता, तिच्या ते ध्यानातही नव्हतं.

समोर घरं दिसायला लागली. भूमिकानं पाटी वाचली. भिवापूर.

तिनं गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. ते वळण कधीच मागे गेलं होतं. केव्हा आलं, केव्हा गेलं, तिला कळलंच नव्हतं. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले, आणि हसू आणि रडू एकदमच आलं.

जितू दचकून जागा झाला. "काय झालं? पंक्चर?"

"नाही," ती म्हणाली. "वळण गेलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खिशातला तो घडीचा रुमाल काढून त्यानं तिच्या हातात दिला.

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. सांगायचं असं ठरवलं नव्हतं, ताट वाढता वाढता निघून गेलं तोंडून.

कांताबाईचा घास हातातच राहिला. "झोपला? तुह्या बाजूले? पावसात?"

"हो. भिवापूरपर्यंत."

आईनं तो ताटात ठेवला आणि खिडकीतून अंगणातल्या गाडीकडे बघितलं. 

रविवारी सकाळी भूमिका अंगणात गाडी पुसत होती. शेवटचंच पुसतोय, असं धरून. पांढरी साडी नेसून कांताबाई बाहेर आली. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, रविवारी विहारात वंदना आणि वाचन असायचं. ती गाडीच्या बाजूनं चालत गेली नाही. दारापाशी थांबली.

"विहारात सोडून दे," ती म्हणाली, आणि कुरकुर करत पाय आत घेतले.

भुरभुर पाऊस होता. गल्ली संपून मोठा रस्ता लागला. मग आईच बोलली.

"मले गाडीची भीती नव्हती वं. त्या दिवशी मिरच्यांत उतरल्यावर तुहे हात किती कापत होते. मी बाजूले बसली का तू पुन्हा तशीच होशीन, असं वाटे मले. म्हणून नाही बसली मी. तू एकटी चालवून चालवून सावरशीन म्हटलं."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"बोलली असती तं तू म्हणली असती, मी नाही घाबरत. अन् जिद्दीनं बसवलं असतं मले." कांताबाईनं खिडकीबाहेर बघितलं. "त्या पोराले काल मुद्दाम म्हटलं मी, तू चालव म्हणून. वाटलं, टायर खरंच चांगले असन तं तुले सांगता येईन, की आता भिऊ नको. त्यानं तं किल्लीच नाही घेतली. समजदार आहे पोरगा. अन् भर पावसात तो तुह्या बाजूले झोपला, तवा समजलं मले, तू सावरली."

भूमिकानं डावा हात सोडून आईचा हात धरला. आईनं तो पुन्हा स्टिअरिंगवर नेऊन ठेवला. "दोन्ही हातानं चालव," ती म्हणाली.

विहाराच्या दारात उतरताना चार बायांनी बघितलं, आणि कांताबाईनं त्यांना बघू दिलं. भूमिकानं तिथूनच अमरावतीला फोन लावला, माफी मागितली, गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग ती सक्करदऱ्याला आली.

दुकानाचं शटर अर्धं वर होतं. जितू एकटाच आत होता, टायरांची चळत नीट लावत. तिला बघून त्याच्या हातातला टायर तसाच राहिला.

"आई बसली," भूमिका म्हणाली.

तो नुसता हसला. पण असा हसला, की तिला वाटेत पाठ केलेलं सगळं बोलणं विसरायला झालं.

"मी आभार मानायला आले," ती म्हणाली. "खरं बोललात म्हणून. किल्ली घेतली नाही म्हणून. आणि... त्या वळणासाठी."

"बरं."

"झाले आभार मानून."

"झाले," तो म्हणाला.

ती जागची हलली नाही. पागोळ्या शटरवरून टपटपत होत्या. "रात्रभर मी हाच विचार करत होते. हे सगळे आभारच आहेत, का आणखी काही. आभार असते तर मानून मोकळी झाले असते ना मी? मानले. अन् तरी मी इथंच उभी आहे."

जितूनं टायर खाली ठेवला. फार हळू ठेवला.

"पण आधी एक सांगा," भूमिका घाईघाईनं म्हणाली, कारण हे विचारल्याशिवाय तिला पुढं जाता येणार नव्हतं. "काल तुम्ही खरंच झोपला होतात? का मला धीर यावा म्हणून नाटक केलंत? दया म्हणून केलं असेल तर तसं सांगा. मले चालन. पण खरं सांगा."

तो टायरांच्या चळतीला टेकला. 

"उमरेडपर्यंत नाटक होतं," तो म्हणाला.

"आणि पुढं?"

"पुढं... ते वळण येईन तवा जागं राहायचं, असं ठरवलं होतं मी. डोळे मिटून आवाज ऐकून राहिलो होतो. वळण जवळ आलं का तुमचा श्वास थांबन, मंग हळूच डोळे उघडीन, म्हटलं. पण तुमचा श्वास काही थांबला नाही. अन् मले झोप लागून गेली. खरी." त्यानं मान वर केली. "मी कोणाच्याच बाजूले झोपत नाही, भूमिका. बाबा चालवते तरी नाही. धंदाच तसा आहे, कान चालूच राहतात. जाग आली तं तुम्ही हसून-रडून राहिल्या होत्या, अन् मले वाटलं, आपण आपल्या घरीच उठलो."

मॅडम नाही, भूमिका म्हणाला तो. तिनं ते ऐकलं, आणि तिच्या अंगातून काहीतरी गोड, गरम उतरत गेलं.

"माझ्या घरी सोपं नाही," ती म्हणाली. "आम्ही विहारवाले, तुम्ही लिंबूवाले, तुझ्याही घरी सोपं नसेल."

"नाही ना. बाबाशी मी बोलतो. काकूशी..."

"आईशी तूच बोल. तिची सीट तू घेतली आहेस."

तो हसला, आणि हसता हसताच त्यानं हात पुढं केला. टायरच्या काळ्या धुळीनं माखलेला. मागं घ्यायला निघाला, पण तोवर भूमिकानं तो आपल्या दोन्ही हातांत धरला होता. बाहेर पाऊस पुन्हा वाढला, आणि दोघांनाही त्याची फिकीर नव्हती.

"थँक्यू," भूमिका हळूच म्हणाली.

"आता कशाचं?"

तिनं विचार केला. खरंच विचार केला, आणि तिला कारण काही सापडेना.

"कशाचंच नाही," ती म्हणाली. "असंच."